अ‍ॅनॉटॉमीत आता संशोधन काय उरलंय? का सरळ सेल बायोलॉजीकडं जायचं?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी सांगलीत एमएस्सी झूऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढं पीएचडी करायची हे नक्की आहे पण कशात करायची यावरून घरात रोज चर्चा चालू आहे. माहिती काढत बसले तर बाहेरच्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत अ‍ॅनॉटॉमी आणि सेल बायोलॉजी असं एकच डिपार्टमेंट दिसतंय, आणि त्यात मेंदू, गर्भाची वाढ, हाडं, कॅन्सर, प्रजनन, स्टेम सेल सगळंच आहे. माझी मावशी मिरजेत सिस्टर आहे, ती म्हणते अ‍ॅनॉटॉमी म्हणजे फर्स्ट इयरच्या पोरांना बॉडी दाखवायची, माणसाची हाडं 206 होती आणि 206च राहणार, त्यात शोध कसला लावणार तू. मला पेशी बघायला मनापासून आवडतं, पण नुसत्या डिशमधल्या पेशी बघून त्या शरीरात काय करतात ते कळत नाही असंही वाटतं. या क्षेत्रातलं कोणी असेल तर नीट सांगा, आणि सांगली साताऱ्यात राहून निदान सुरुवात तरी करता येईल का तेही सांगा.

वाईचा_घाट
वाचतोय. मुलगी बारावीला आहे, तिलाही हेच डोक्यात आहे.

मिरज_डिसेक्शन_हॉल
ताई, मी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनॉटॉमी शिकवतो. मावशींचं म्हणणं बरेच डॉक्टरसुद्धा म्हणतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही शिकत होतो तेव्हा पुस्तकात स्वच्छ छापलेलं असायचं की मेंदूला लिम्फच्या, म्हणजे टिश्यूतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या, नळ्या नाहीत, आणि परीक्षेत तसंच लिहून मार्क मिळायचे. 2015 साली दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरात दाखवून दिलं की मेंदूच्या वरच्या आवरणात, ड्युरात, मोठ्या शिरांच्या कडेकडेनं लिम्फच्या नळ्या जातात आणि मानेतल्या गाठींपर्यंत निचरा करतात. 2017 मध्ये एमआरआयवर माणसातही दिसल्या. इतकी वर्षं कशा दिसल्या नाहीत? आवरण कवटीतून ओढून काढताना फाटायचं, आणि छेद घेतले की ती बारीक नळी कुठली आहे हे ओळखू यायचं नाही. त्यातल्या एका गटानं आवरण कवटीच्या टोपीतच असताना फिक्स केलं, मग अखंड सोलून काढून स्लाइडवर पसरलं, आणि लिम्फच्या नळीच्या पेशींवर जी खास प्रोटीन असतात ती रंगवली. म्हणजे हात अ‍ॅनॉटॉमीवाल्याचा आणि रंग सेल बायोलॉजीवाल्याचा, दोन्ही लागलं. इटलीच्या मास्कान्यीनं अठराव्या शतकात पारा भरून शरीरभरच्या लिम्फच्या नळ्यांची चित्रं काढली होती, त्यात मेंदूच्या आवरणावरच्याही होत्या, पण तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. आता अल्झायमरमध्ये मेंदूतली घाण बाहेर का पडत नाही या प्रश्नावर काम करणारे याच नळ्यांमागं लागलेत.

तेव्हा 206 हाडं 206च राहतील हे खरं. पण हाडाच्या आत बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशीला आपल्या चालण्याचा भार कसा कळतो, आणि तो कळल्यावर ती बाकीच्या पेशींना हाड घाला का खा हे कसं सांगते, यावर आजही लोक आयुष्य घालवतायत.

पेशीवाला_विटा
मी मूळचा विट्याचा, सध्या पुण्यात पीएचडी करतोय. वरच्या सरांनी चांगली बाजू मांडलीय, मी दुसऱ्या टोकाकडून सांगतो. सर, तुमच्या हॉलमध्ये कधी हृदय उजवीकडं असलेली बॉडी आलीय का?

मिरज_डिसेक्शन_हॉल
एकदा आली होती. सगळंच उलटं, लिव्हर डावीकडं, अपेंडिक्स डाव्या बाजूला. त्या दिवशी पूर्ण बॅच एकाच टेबलाभोवती उभी होती. दहा हजारात एखादं माणूस असं असतं म्हणतात.

पेशीवाला_विटा
तर आता त्याचं कारण ऐका ताई, कारण ही गोष्ट मला या अख्ख्या क्षेत्रातली सगळ्यात आवडती आहे.

काही लोकांना लहानपणापासून सर्दी, सायनस, छातीत कफ असा त्रास असतो आणि त्यातल्या साधारण निम्म्यांची अंतर्गत अवयवांची मांडणी उलटी असते. डॉक्टरांना हे दोन्ही एकत्र दिसतं हे जुनं माहीत होतं पण नाकाचा आणि हृदयाच्या बाजूचा संबंध काय हे कोणालाच सांगता येत नव्हतं. 1976 मध्ये स्वीडनच्या आफ्झेलियसनं अशा पुरुषांचे शुक्राणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितले, जिवंत होते पण हलत नव्हते. शेपटीचा आडवा छेद घेतला की मधे दोन नळ्या आणि भोवती गोलात नऊ जोड्या दिसतात, आणि प्रत्येक जोडीवर डायनीन नावाच्या मोटर प्रोटीनचे छोटे हात असतात. या लोकांच्यात ते हातच नव्हते. श्वासनलिकेतल्या पेशींवर सिलिया म्हणजे हलणारे बारीक केस असतात, त्यांची रचना तीच, त्यामुळं कफ वर ढकलला जात नाही. पण हृदयाचं काय? त्यानं अंदाज बांधला की गर्भातही कुठंतरी सिलिया हलत असणार आणि डावं उजवं त्यावरून ठरत असणार.

मग 1998 साली टोकियोच्या हिरोकावांच्या लॅबनं उंदराच्या आठ दिवसांच्या आसपासच्या गर्भात ते प्रत्यक्ष दाखवलं. नोड म्हणून एक छोटा खड्डा असतो, त्यातल्या पेशींवर प्रत्येकी एक सिलिया, ती गरगर फिरते आणि वरचं पाणी डावीकडं वाहतं. हा प्रवाह डावीकडच्या जीन्स चालू करतो. प्रवाहच नसेल तर नाणं उडवल्यासारखं होतं, कधी हृदय डावीकडं कधी उजवीकडं, म्हणून तर निम्मे.

आता मला सांगा हे संशोधन अ‍ॅनॉटॉमीचं का सेल बायोलॉजीचं का गर्भशास्त्राचं? असं वेगळं काढताच येत नाही म्हणून ती डिपार्टमेंटं एकत्र असतात. मेंदूचंही तसंच, गोल्जीनं 1873 मध्ये चांदीच्या क्षारानं पेशी काळ्या करायची रीत काढली, काहालनं ती वापरून एकेक न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली पेशी, चित्रात काढून दाखवला, दोघांना 1906 चं नोबेल विभागून, आणि काम मात्र तेच पुढं चालू आहे, 2024 मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला, साधारण 1 लाख 40 हजार न्यूरॉन आणि त्यांच्यातली कोट्यवधी जोडणी. पेशीच्या आत माल कसा पोचतो यावर 2013 चं नोबेल, पेशी स्वतःचाच जुना माल कसा पचवते यावर ओसुमींना 2016 चं. त्वचेच्या पेशीला उलटं फिरवून स्टेम सेल बनवायची युक्ती यामानाका 2006, आणि आता त्यातून डिशमध्ये आतड्याचे मेंदूचे छोटे नमुने वाढवतात त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. ताई तुम्ही म्हणालात ना की डिशमधल्या पेशी बघून शरीर कळत नाही, ऑर्गनॉइडवाल्यांचाही मूळ त्रास तोच आहे, त्यातल्या बऱ्याच नमुन्यांत रक्तवाहिन्या नसतात त्यामुळं थोडे मोठे झाले की आतून मरायला लागतात.

कराड_सर्जन
चर्चा छान चाललीय. पण एक गोष्ट मला बोलायचीय. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत एमडी अ‍ॅनॉटॉमीचे बरेच थिसिस हे अमुक हाडावरचं भोक किती मिलिमीटरवर आहे, तमुक रक्तवाहिनी किती टक्के लोकांत दोन आहे, असेच असतात, आणि सेल बायोलॉजीची मंडळी त्याला नाकं मुरडतात. मी पित्ताशयाची लॅप्रोस्कोपी करतो. पित्ताशयाची धमनी कुठून निघते, नळीच्या पुढून जाते का मागून, का दोन आहेत, हे पेशंटगणिक बदलतं, आणि तिथं चूक झाली तर पित्तनलिका कापली जाते, पेशंट आयुष्यभर भोगतो. ती टक्केवारी कोणीतरी हॉलमध्ये उभं राहून मोजलीय म्हणून माझा हात त्या जागी थांबतो. त्यामुळं मोजमाप म्हणजे संशोधन नव्हे असं प्लीज कोणी म्हणू नका.

पेशीवाला_विटा
सर तसं म्हणायचं नव्हतंच. माझं म्हणणं एवढंच की धमनी दोन का झाली हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, मोजून पेपर छापला की काम संपतं.

मिरज_डिसेक्शन_हॉल
विचारायचा तर असतो हो, पण साधन कुठंय. आमच्याकडं देहदानातून आलेल्या बॉडी आहेत, 1949 च्या अ‍ॅनॉटॉमी कायद्याखाली मिळणाऱ्याही आहेत, म्हणजे माणसाच्या रचनेतलं जे वैविध्य तुमच्या कुठल्याच लॅबला दिसत नाही ते आमच्यासमोर टेबलावर आहे. पण फॉर्मलिन प्रोटीनांना एकमेकांत घट्ट जोडून टाकतं, वर्षभर टाकीत राहिलेल्या टिश्यूतून चांगला आरएनए निघत नाही, अँटिबॉडी नीट चिकटत नाही. उलट पुण्या मुंबईत पाहिजे ते मायक्रोस्कोप आहेत पण तिथल्या पोरांनी माणसाचं हृदय हातात धरलेलं नसतं. माझी कळकळीची इच्छा आहे की मिरज, कराड, सातारा इथली मेडिकल कॉलेजं आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची सायन्सची डिपार्टमेंटं यांनी एकत्र विद्यार्थी घ्यावेत. एक गाईड आमचा, एक तुमचा. याला फार पैसा लागत नाही, लोकांनी एकमेकांना फोन करायला पाहिजेत.

हळदीचा_सौदा
मीपण सांगलीचाच, बायोटेक एमएस्सी. आमच्या बॅचमध्ये चार जणांचा प्रोजेक्ट हळदीच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मारणं हाच आहे, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय (त्या भागाच्या मालाचा खास शिक्का) मिळाल्यापासून सगळ्यांना त्यावरच काम पाहिजे. हे सेल बायोलॉजीतलं चांगलं काम धरतात का? पीएचडीला उपयोग होईल का?

पेशीवाला_विटा
भावा, हळदीवर माझंही प्रेम आहे, आमच्या घरी हळदीचं रान आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, डिशमध्ये टाकून पेशी मेल्या एवढ्यावर थांबलं तर ते काम टिकत नाही. एक तर सीरम नसलेल्या बफरमध्ये, पीएच 7.2 आणि 37 अंशाला, अर्ध्या तासात त्यातलं जवळजवळ 90 टक्के कर्क्युमिन मोडून जातं, म्हणजे तू दुसऱ्या दिवशी जो परिणाम बघतोस तो कशाचा हेच माहीत नसतं. दुसरं म्हणजे कर्क्युमिन स्वतःच हिरवं चमकतं. तू हिरव्या फ्लुओरेसंट रंगानं पेशी मेल्या का बघतोयस आणि नुसतं कर्क्युमिन आत शिरूनही मायक्रोस्कोपखाली हिरवंच दिसतंय, मग वेगळं कसं काढणार? म्हणून रंग न टाकता फक्त कर्क्युमिन दिलेली एक प्लेट कंट्रोल म्हणून ठेवायलाच पाहिजे. आणि तिसरं, पोटातून घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं, त्यामुळं डिशमध्ये जेवढा डोस टाकतो तेवढा शरीरात मिळतच नाही.

पण हेच उलटं करून बघ. कर्क्युमिन चमकतं तर ते पेशीत कुठं जाऊन बसतं, पडद्यात का आत, किती वेळ टिकतं, हे त्याच चमकीवरून बघता येईल. हा खरा सेल बायोलॉजीचा प्रश्न झाला. आणि सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या एकाच प्रकारच्या पेशी, पुण्याच्या एनसीसीएस या पेशी संशोधन संस्थेतून रीतसर मागव, शेजारच्या लॅबमधनं फ्लास्क आणून काम करू नको, हेला नावाच्या जोमानं वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी दुसऱ्या लाइनमध्ये घुसून वर्षानुवर्षांची कामं वाया गेल्याची उदाहरणं जगभर आहेत.

साताऱ्याची_बाई
हेलावरून आठवलं म्हणून लिहिते, मी कॉलेजात बायॉलॉजी शिकवत होते, आता रिटायर झाले. हेलाच्या पेशी 1951 मध्ये बाल्टिमोरच्या ज्या जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये वाढल्या, त्यांच्याकडंच आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे टिश्यू कल्चर शिकून आल्या होत्या. 1917 चा जन्म, खानोलकरांच्या हाताखाली 1949 ला पीएचडी, मग अमेरिका, आणि परत येऊन मुंबईला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. 1982 ला पद्मभूषण. स्तनाच्या कॅन्सरवर, कुष्ठरोगाच्या जंतूंवर काम केलं. आमच्या मुलींना त्यांचं नावसुद्धा माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. ताई तू त्यांच्याबद्दल वाच, बाहेर शिकून इथं लॅब कशी उभी करायची ते त्यात आहे.

वाईचा_घाट
सगळं छान आहे पण नोकरी आणि पैशाचं कोणी बोलेना. बाप म्हणून विचारतो.

पेशीवाला_विटा
काका, सीएसआयआर नेट या परीक्षेत लाइफ सायन्सेसमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर 2023 पासून महिना 37 हजार आणि वर घरभाडं, पुढं एसआरएफला, म्हणजे सीनियर फेलोशिपला, 42 हजार. 2024 पासून नेटच्या मार्कांवर पीएचडी प्रवेशही मिळतो. पीएचडीला पाच सहा वर्षं धरा, त्यानंतर बाहेरचा पोस्टडॉक, मग कुठं पक्की नोकरी, हा रस्ता लांबच आहे.

मिरज_डिसेक्शन_हॉल
मेडिकल कॉलेजात एमएस्सी मेडिकल अ‍ॅनॉटॉमी करून शिकवता येतं, पण एमबीबीएस नसलेल्यांना किती जागा यावर नियम मागंपुढं होत राहिलेत. मुलीला फक्त त्या भरवशावर पाठवू नका. संशोधनाची आवड असेल तर नेटच्या मार्गानं जाऊ दे.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार, सिलियाची गोष्ट मी मावशीला वाचून दाखवली, ती गप्प बसून ऐकत होती आणि शेवटी म्हणाली असे खोकणारे पेशंट आपल्याकडं पण येतात, त्यांचं हृदय कुठल्या बाजूला आहे ते आता एक्सरेत बघते. आता माझा प्रश्न असा की प्रोजेक्टला सहा महिने आहेत, कॉलेजात साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि एक इन्क्युबेटर आहे, यात डावं उजवं कसं ठरतं असं काही बघता येईल का? उंदीर मिळणार नाही आणि डिसेक्शन तर यूजीसीनं कधीच बंद केलंय.

पेशीवाला_विटा
कोंबडीचं अंडं! हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. दीड दिवसात हृदय धडकायला लागतं आणि दुसऱ्या दिवसाअखेर ते उजवीकडं वळलेलं साध्या स्टिरिओखाली दिसतं. आणि कोंबडीत गंमत अशी की तिथं उंदरासारखा सिलियांचा प्रवाह कामाला येत नाही, 2009 मध्ये दाखवलं गेलं की नोडभोवतीच्या पेशीच डावीकडं सरकतात आणि त्यावरून बाजू ठरते. एकच काम दोन प्राण्यांत दोन रीतीनं का, याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडं नाही.

पण मी तुमच्या जागी असतो तर आणखी एक बघितलं असतं. तासगाव पलूसकडं द्राक्षावर भुरीसाठी ट्रायअझोल गटातली बुरशीनाशकं मारतात. त्याच गटातल्या ट्रायडिमेफॉननं उंदराच्या गर्भात चेहऱ्याच्या जबड्याच्या कमानी बिघडतात हे प्रयोगात दिसलेलं आहे. या कमानी न्यूरल क्रेस्टच्या पेशींपासून बनतात, त्या पेशी पाठीकडून चालत चेहऱ्यापर्यंत येतात, फ्रान्सच्या संशोधक ले दुआरँ बाईंनी लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात लावून त्यांचा रस्ता शोधला होता. आपल्या भागात जे प्रत्यक्ष फवारतात त्यातलं एखादं औषध वेगवेगळ्या डोसला घेऊन तिसऱ्या चौथ्या दिवशी कमानी कशा दिसतात हे तुमच्या मायक्रोस्कोपवर होण्यासारखं आहे. कॉलेजच्या एथिक्स कमिटीला मात्र आधी विचारा.

खानापूर_हॅचरी
म्या मधी बोलू का? आमची हॅचरी हाय. ताई, दुकानातली पांढरी अंडी आणून ठिवू नका, त्या कोंबड्यास्नी कोंबडाच नसतोय, ती अंडी कितीबी उबवली तरी काय बी व्हणार न्हाई. एक तर हॅचरीतनं हॅचिंगची अंडी घ्या न्हाईतर ज्येच्या दारात कोंबडा हाय त्येच्याकडची गावठी. आणल्यावर लगेच लावायची नसतील तर थंड जागी, पंधरा अंशाच्या आसपास, हप्ताभर ऱ्हातील, फ्रिजमदी ठिवू नका. आणि धुवायची न्हाईत. तुमच्यासारख्या शिकणाऱ्या पोरीस्नी आमी पैसं घ्यायचो न्हाई, येऊन घिऊन जावा.

कृष्णाकाठची
दादा खूप खूप आभार! मेसेज करते तुम्हाला. अंडं फोडायचं कसं पण, गर्भ फुटला तर?

पेशीवाला_विटा
अंडं आडवं ठेवून उबवा, 37.5 ते 38 अंश, खाली पाण्याचं भांडं. गर्भ पिवळ्या बलकावर तरंगत वरच्या बाजूला येतो. वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करा म्हणजे उचलताना फिरणार नाही. मग बोथट टोकाला सुईनं बारीक भोक पाडून सिरिंजनं दोन तीन मिली पांढरं काढून घ्या, सुई खाली टोकाकडं झुकवून, बलकाला लागू देऊ नका. पांढरं काढलं की बलक खाली बसतो आणि कवचाशी अंतर पडतं. त्यानंतर वर सेलोटेप लावून बारीक कात्रीनं खिडकी कापा, टेप असल्यामुळं कवचाचे तुकडे आत पडत नाहीत. पहिल्या दिवसाचा गर्भ बलकावर ओळखूच येत नाही, तेव्हा बलकाच्या पडद्याखाली सलाइनमध्ये पातळ केलेली काळी इंडिया इंक थोडी सोडा, म्हणजे काळ्यावर पांढरा गर्भ उठून दिसतो. काम झालं की टेपनं बंद करून परत इन्क्युबेटरमध्ये.

सुरुवातीला औषध वगैरे काही नको, नुसती साधी अंडी उघडून 33 तास, 48 तास, 72 तास असे गर्भ बघून हॅम्बर्गर हॅमिल्टनच्या 1951 च्या स्टेजेसशी, म्हणजे कोंबडीच्या गर्भवाढीच्या ठरवलेल्या टप्प्यांशी, जुळवायचा सराव करा. सोमाइट, म्हणजे गर्भाच्या पाठीवर ओळीनं दिसणारे ठोकळे, मोजता आले पाहिजेत, कारण तास सारखे असले तरी सगळे गर्भ सारखे पुढं गेलेले नसतात आणि तुलना स्टेजची करायची असते, तासांची नाही.

मिरज_डिसेक्शन_हॉल
आणि गर्भ फिक्स करून पॅराफिनमध्ये छेद घ्यायचे असतील तर पातळ छेद कापायचं यंत्र, मायक्रोटोम, आमच्याकडं आहे. गाईडचं पत्र घेऊन या, दुपारी तीननंतर हॉल रिकामा असतो, आमचे टेक्निशियन शिकवतील.